शब्दावर सोडलेली खोली

आमचा अंगददादा जर्मनीला शिकायला निघाला तेव्हा करमाडातला जो तो जर्मनीचा जाणकार झाला. शेजारच्या मनकर्णाबाई माझ्या मायला म्हणाल्या, "तिकडं भाकर नसती म्हनं बानाबाई. नुस्ता पाव. पाव खाऊन पोरगं फुगंल की गं!" रामहरीमामा म्हणजे मायचा भाऊ, शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'काय' असतं आणि उत्तराची त्याला गरज नसते. तो म्हणाला, "तिकडं शिस्त असती, काय? टाइम म्हंजी टाइम, काय? तोंडी कारभार चालत नसतो, काय?"

सगळ्यांना दादानं एकच उत्तर दिलं. "हां."

दादाचं हे 'हां' म्हणजे नाकातनं आलेला एवढासा आवाज. पण तो एकदा निघाला की काम झालं समजायचं. कॉलेजात असताना त्यानं मायला शनिवारी येतो म्हणून सांगितलं आणि नेमका त्याच दिवशी एसटीचा संप झाला. पठ्ठ्या जालना रोडनं ट्रॅक्टर, टेम्पो, जे मिळेल त्यात बसत अंधार पडायला दारात. माय म्हणाली, "आरं, उद्या आला असतास तर काय झालं असतं?" तर म्हणाला, "हां म्हनलो व्हतो ना."

हे त्याला आबांकडनं मिळालं. आबा, म्हणजे आमचे वडील केरबा, मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात ते पावसाळ्याच्या तोंडाला घरी. पिकं निघून रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. लेंड्या-मुताचं खत जमिनीत जातं, मेंढपाळाला धान्य मिळतं. याला कागद नाही, सही नाही. शेतकरी म्हणतो, "केरबा, यंदा आपल्याकडं." आबा म्हणतात, "हां." पण त्या 'हां'ला एक जुना कायदा आहे. एका रानाचा शब्द घेतला की दुसऱ्या रानाचा धरायचा नाही. दोन रानं धरून ठेवणारा मेंढपाळ म्हणजे आमच्या लोकांत शिवीच.

एका उन्हाळ्यात वाटेतल्या एका बागायतदारानं आबांना अडवलं होतं. हात जोडून म्हणत होता, "पानी हाय, पाला हाय, ऱ्हावा की इथंच! देवगाववाल्याला काय कळतंय?" आबा म्हणाले, "त्याला नाय कळायचं. मला कळंल ना." आणि तहानलेली मेंढरं हाकत पुढं निघाले. माय ही गोष्ट कौतुक म्हणून सांगत नाही, गाऱ्हाणं म्हणून सांगते. कारण त्या उन्हात डोक्यावर भांडी घेऊन मागनं चालत होती ती.

देवगाववाला म्हणजे देवगाव रंगारीचे नानासाहेब. मोठी जमीन, शहरात बंगला. दरसाल उन्हाळ्यात आमची मेंढरं त्यांच्याच रानात बसतात. लहानपणी सुट्टीत दादा मेंढरांमागं तिथं जायचा आणि नानासाहेबांचा इंद्रजीत शहरातनं गावी यायचा. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकले. पुढं संभाजीनगरात इंजिनिअरिंगलाही दोघं एकाच वर्गात आले.

इंद्रजीत बोलायच्या आधी हसतो. गोष्ट हसण्यासारखी असो नसो, आधी तीनदा "ह्या ह्या ह्या", मग वाक्य. तिसरा सत्यम, संभाजीनगरच्या छावणीतला. सत्यमचं स्वतःचं असं वाक्य मी कधी ऐकलंच नाही. इंद्रजीतचं वाक्य संपलं की हा त्याला गाठ मारतो, "हौ ना भाई, वहीच तो मैं बोल रहा."

पण माणसं प्रेमाची होती, हे आधी सांगते. पहिल्याच वर्षी एका सरांनी दादाला फळ्याजवळ उभं केलं आणि त्याच्या 'हाय-नाय'ची वर्गापुढं थट्टा मांडली. तेव्हा इंद्रजीत उठला आणि म्हणाला, "सर, म्या बी असंच बोलतुया. काय चुकलं व्हय?" नानासाहेबांचं पोरगं, इंग्रजी शाळेतलं! मग सत्यम उठला, "हौ सर, म्या बी." त्याच्या तोंडी ते इतकं वाकडं आलं की सरच हसले. त्या दिवसापासनं दादा या दोघांसाठी विहिरीत उडी मारायला तयार. परीक्षेच्या आधी तो त्यांना अवघड विषय शिकवायचा आणि ते त्याच्या डब्यातल्या बाजरीच्या खारोड्या संपवायचे. मायला तो मामी म्हणायचा, आबांना मामा. आमच्याकडं आला की थेट चुलीपाशी बसायचा. "ह्या ह्या ह्या, मामी, मला ताट नको, तव्यावरची द्या."

कॉलेज संपल्यावर इंद्रजीत आणि सत्यम जर्मनीला गेले, आखेन नावाच्या गावी. दादा शेंद्र्यात नोकरीला लागला. दोन वर्षं राबला, पैसे साठवले, आणि त्यालाही त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिघं पुन्हा एकत्र येणार म्हणून इंद्रजीतचे फोनवर फोन. तिकडं प्रवेश मिळणं सोपं, खोली मिळणं अवघड. पोरं महिनोन् महिने वणवण करतात. आणि राहायचा पत्ता सरकारी कचेरीत नोंदवल्याशिवाय बँकेचं, कार्डाचं, कशाचंच काम पुढं सरकत नाही.

ऑगस्टात दादाचं नशीब उघडलं. विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली लागली. तीन दिवसांत हो की नाही ते कळवायचं होतं. दादानं इंद्रजीतला फोन लावला. घरात त्या वेळी सगळे होते. माय भाकरी थापत होती, आबा तंबाखू मळत होते, मामा सल्ला द्यायच्या तयारीत होता. फोन मोठ्या आवाजावर.

"इंद्रजीत, हॉस्टेलची खोली लागली. काय करू?"

"ह्या ह्या ह्या! अरे, वेडा आहेस का तू? आमच्यातला करण सप्टेंबरमध्ये जातोय. तिसरी खोली तुझीच. सोड ती हॉस्टेलची."

"नक्की ना?"

"अरे, माझ्याकडं असताना तू हॉस्टेलला राहणार? नाना मला घरात घेतील का? तुझीच खोली. बस्स."

मागनं सत्यम, "हौ ना भाई, वहीच तो."

दादा म्हणाला, "हां."

फोन ठेवल्या ठेवल्या मामा सुरू झाला. "दोन्ही धर, काय? तिकडं गेल्यावर एक सोड. कुनाला कळतंय, काय?"

दादानं आबांकडं पाहिलं. आबा तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवून म्हणाले, "शब्द घेतला ना? मंग दोन रानं धरू नाय."

त्याच संध्याकाळी दादानं वसतिगृहाला 'खोली नको' असं कळवून टाकलं. वर मलाच म्हणाला, "ती कुणा गरजवंताला मिळंल." मामा कपाळाला हात लावून म्हणाला, "हे घर म्हंजी सत्ययुग हाय, काय?"

यापुढचं दादानं मला नंतर तुकड्या-तुकड्यानं सांगितलं.

तो आखेनला पोचला तेव्हा करणचं सामान अजून हललं नव्हतं. इंद्रजीत फोनवर म्हणाला, "आठवडाभर कुठंतरी काढ. रविवारी संध्याकाळी घरी ये, सगळे जमतोय." दादानं तो आठवडा एका लॉजात काढला, एका खोलीत सहा पलंग, सहा देशांचं घोरणं. रविवारी न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, अख्खी बॅग आणि मायनं दिलेली पिशवी घेऊन निघाला. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि खारोड्या. कॉलेजचे तिघं दोन वर्षांनी भेटणार म्हणून त्यानं आठवडाभर त्या पिशवीला हात लावला नव्हता.

इंद्रजीतनं दारातच मिठी मारली. "ह्या ह्या ह्या! आला आमचा माणूस!" सत्यमनं पाठीवर गुद्दे घातले. आत आणखी दोन पोरं बसलेली, एक पुण्याचा, एक हैदराबादचा. दोघंही सोफ्याच्या काठावर, गुडघे जुळवून, पोरगी बघायला आल्यासारखे. दादाला वाटलं, पाहुणे असतील.

तो सरळ आत गेला, तिसरी खोली कुठली ते विचारलं आणि बॅग तिथं पलंगाजवळ ठेवून आला. मेंढपाळाचं बिऱ्हाड जिथं घोड्यावरनं उतरतं तिथं रात्र पक्की, हेच त्याला माहीत. इंद्रजीत म्हणाला, "अरे, ती बॅग इथं बाहेरच राहू दे ना." दादा म्हणाला, "वाटेत कशाला? तिथंच बरी हाय." पुणेवाल्यानं एकदा बॅगेकडं पाहिलं, एकदा इंद्रजीतकडं.

मग दादानं बाह्या सारल्या आणि पिठलं टाकलं. घर आपलं म्हटल्यावर पाहुण्यांना वाढायला नको? धपाटे गरम केले, खारोड्या तळल्या, एकेकाला आग्रह करकरून वाढलं. जेवताना इंद्रजीत त्या दोघांना विचारत होता.

"सकाळी किती वाजता उठता?"

पुणेवाला म्हणाला, "ॲक्च्युअली मी खूप फ्लेक्सिबल आहे."

"भांडी?"

"ॲक्च्युअली मला भांडी घासायला आवडतात."

हैदराबादवाला घाईघाईनं म्हणाला, "मेरे को भी! मेरे को तो बहोत आवडते!"

दादाला वाटलं, काय मजेशीर पाहुणे आहेत. भांड्यांची एवढी आवड! तो म्हणाला, "मंग आज घासा की दोघं मिळून." सगळे हसले. सत्यम सगळ्यात जास्त हसला. पुणेवाल्यानं चटणी कशी करतात ते विचारलं, आणि दादानं त्याला मायची रीत कूट-लसणासकट सांगून टाकली.

मग कॉलेजच्या आठवणी निघाल्या. ते सर, ते 'म्या बी', सगळं. इंद्रजीतनं ती गोष्ट त्या दोघांना सांगितली, पण जरा वेगळी. तिच्यात फळ्यापाशी उभ्या दादाचं 'हाय-नाय' लांबत गेलं, मान खाली गेली, पाय थरथरले. दादाही हसला. मित्रांच्यात होतं असं, म्हणाला.

पाहुणे गेल्यावर इंद्रजीतनंच आतनं बॅग आणून दारात ठेवली. "चल, स्टॉपपर्यंत सोडतो तुला."

"बॅग राहू दे की. करण गेला की येतोच ना."

"अरे, करणचं कपाट अजून भरलेलं आहे. घेऊन जा आत्ता."

दादा घेऊन गेला. रिकामी पिशवी तेवढी तिथं राहिली.

तीन दिवसांनी विद्यापीठाच्या जेवणाच्या रांगेत तो पुणेवाला भेटला. चेहरा पाडून म्हणाला, "सॉरी यार. ॲक्च्युअली मला त्यांचा फोन आला. पण तुझा इंटरव्ह्यू माझ्यापेक्षा भारी झाला होता, खरंच. ते जेवण म्हणजे तर... मला वाटलं, आता हाच जिंकला."

"कसला इंटरव्ह्यू?" दादानं विचारलं.

पुणेवाला त्याला रांगेतनं बाजूला घेऊन गेला. मग त्यानं समजावून सांगितलं. तिकडं खोली द्यायची असली की दोघा-तिघांना बोलावतात, गप्पा मारतात, पारखतात, आणि मग एकाला निवडतात. रविवारी तेच होतं. त्याला वाटत होतं, तिघांनाही ते ठाऊक आहे.

दादा तडक इंद्रजीतकडं गेला. दार सत्यमनं उघडलं आणि तो आधीच बाजूला सरकला.

"इंद्रजीत, खोली माझी व्हती ना?"

"ह्या ह्या ह्या, अरे, बस तर. सांगणारच होतो तुला. हे बघ, त्याच्याकडं गाडी आहे, सामान आणायला बरं पडतं. त्याचं जर्मनही चांगलं आहे, घरमालकाशी बोलायला. एवढंच. यात आपल्या दोस्तीचा काय संबंध?"

"मी हॉस्टेलची खोली सोडली."

"मग मिळेल की दुसरी! आणि तू कशाला टेन्शन घेतोस? तुला कुठंही जमतं. तुम्ही तर रानात, उघड्यावर झोपणारी माणसं. ह्या ह्या ह्या!"

सत्यमनं तोंड उघडलं. दादा सांगतो, त्या वेळी सत्यम काय म्हणतोय इकडं त्याचे कान लागले होते. वाटलं, हा तरी काही बोलेल. सत्यम म्हणाला, "हौ ना भाई, इसको तो कहीं भी जमता."

दादा उठला आणि निघून आला. वसतिगृहात विचारायला गेला तर त्याचं नाव यादीच्या तळाशी गेलेलं. एकदा नाही म्हटलेल्याला पहिल्यापासनं सुरुवात.

घरी त्यानं यातलं काही कळू दिलं नाही. फोनवर माय विचारायची, "खोली बरी हाय ना रं?" तो म्हणायचा, "हां, बरी हाय." पण फोनच्या मागचे आवाज खोटं बोलत नाहीत. एका आठवड्यात मागं आगगाडीची धडधड. पुढच्या आठवड्यात धुण्याचं मशीन घरघरतंय. नंतर कुणीतरी तेलुगूत भांडतंय. मग चर्चची घंटा, इतकी जवळ की दादाला बोलायचं थांबावं लागलं. एकाच खोलीच्या मागं एवढं गाव कसं मावेल? एकदा माय बाहेर गेल्यावर मी विचारलंच, "दादा, तू राहतोस कुठं?"

तेव्हा त्यानं सांगितलं. कुणाच्या सोफ्यावर आठवडा, कुणाच्या स्वयंपाकघरात चार दिवस. पक्का पत्ता नाही म्हणून बँकेचं काम अडलेलं. बॅग अजून पूर्ण उघडलेलीच नाही. मी इंद्रजीतला दोन शिव्या दिल्या, त्याच्याच 'ह्या ह्या'त घोळून. दादा हसला नाही. म्हणाला, "मायला सांगू नको. आबांना तर नकोच."

मी नाही सांगितलं. सांगितलं ते इंद्रजीतनंच.

डिसेंबरात तो बहिणीच्या लग्नासाठी आला आणि एका दुपारी आमच्या दारात गाडी उभी राहिली. आबाही त्या दिवशी धान्य न्यायला घरी आले होते. माय इतकी हरखली की तिनं मनकर्णाबाईंना हाक मारून सांगितलं, "अंगदचा दोस्त आलाय, जर्मनीहून!" इंद्रजीत नेहमीसारखा चुलीपाशी बसला. मायनं तव्यावरची भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

"आमचा अंगद कसा हाय रं? वाळला व्हय?"

मला वाटलं, आता हा काहीतरी गोड थाप मारणार. पण इंद्रजीतनं सुस्कारा सोडला. रुसल्याला समजवायला आलेल्या सोयऱ्यासारखा चेहरा करून म्हणाला, "मामी, तुम्हीच सांगा त्याला. हल्ली भेटतच नाही तो. फोन उचलत नाही. कुठं राहतो, काय करतो, काही कळवत नाही. एवढी जुनी दोस्ती, पण एका खोलीवरनं मन खट्टू करून बसलाय."

मायचा हात परातीत थांबला. "कुठं ऱ्हातो म्हंजी? तुमच्यातच ना?"

"नाही हो. सांगितलं नाही का त्यानं? ह्या ह्या ह्या, अहो, तिकडं पद्धतच असते, मामी. दोघा-तिघांना बोलवायचं, बघायचं, त्यातला एक निवडायचा."

"बाजारात बोकड निवडत्यात तसं?"

"तसं नाही हो..."

"दात बघितले व्हय माझ्या पोराचे?"

इंद्रजीतनं हसायला तोंड उघडलं, पण 'ह्या' एकच निघाला. आबा दाराच्या उंबऱ्याशी बसले होते. त्यांनी तिथनंच विचारलं, "तू त्याला शब्द दिला व्हता ना, बापू?"

"शब्द असा नाही, मामा. मी म्हणालो होतो, बघू, जमलं तर."

"नाय," माय म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "मी इथंच बसले व्हते. ह्या चुलीच्याच म्होरं. तू म्हनलास, तिसरी खोली तुझीच. तू म्हनलास, सोड ती हॉस्टेलची. बघू-बिघू काय म्हनला नाय. म्हनला असतास तर माझ्या पोरानं सोडली नसती."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मायनं ती उलटली, भाजली आणि इंद्रजीतच्या पुढ्यात ठेवली. दारात आलेल्याला अर्ध्या जेवणावरनं उठवायचं नसतं. त्यानं ती कशीबशी संपवली. मायनं पुन्हा 'घे' म्हटलं नाही. आमच्या घरात ते मी पहिल्यांदा पाहिलं.

हात धुताना इंद्रजीत आबांना म्हणाला, "नानांनी निरोप दिलाय, मामा. उन्हाळ्यात मेंढरं आपल्याकडंच ना?"

आता माझे डोळे चमकले. म्हटलं, आता आबा याला दाखवतात. आता म्हणतात, बघू, जमलं तर.

आबा म्हणाले, "नानासाहेबास्नी दिवाळीतच शब्द दिलाय. येनार."

इंद्रजीतचा चेहरा एकदम उजळला. "ह्या ह्या ह्या, मला माहीत होतं, मामा. तुमचं मन मोठं आहे." जाता जाता म्हणाला, "मामी, अंगदसाठी काही द्यायचं असेल तर द्या, नेतो मी." मायनं दादासाठी विणकामवालीकडनं करून घेतलेला लोकरीचा स्वेटर कोनाड्यात होता, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचा, दोन महिने कुणी जाणारा मिळेना म्हणून पडून. मायनं कोनाड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "काय नाय द्यायचं. तुला कुठं ठावं हाय तो कुठं ऱ्हातो?"

संध्याकाळी दादाचा फोन आला. आबांनी माझ्या हातातनं फोन घेतला आणि व्हिडिओ चालू असताना कानाला लावला, त्यामुळं दादाला नुसता आबांचा कान दिसत होता. एरवी आम्ही यावर पोट धरून हसलो असतो.

"आज कुठं हायस?" आबांनी विचारलं.

मग दादा म्हणाला, "इंद्रजीत आला व्हता काय?"

"आला व्हता. समदं कळालं."

"आणि तुमी काय म्हनालात?"

"काय म्हनायचं? उन्हाळ्यात मेंढरं बसवायचं इचारलं. शब्द दिलेला हाय, जानार."

"आबा!" दादाचा एवढा मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. "त्याच्याच रानात जानार? मी इथं बॅग घेऊन दारोदार फिरायलोय आन् तुमी त्याच्या रानाला खत घालनार?"

"रान नानासाहेबाचं हाय. शब्द नानासाहेबाला दिलाय. त्येनं माझं काय वाईट केलं?"

"मंग मी काय वाईट केलं व्हतं? तुमीच म्हनालात ना, दोन रानं धरू नाय? मामा सांगत व्हता, दोन्ही धर. मी तुमच्याकडं बघितलं व्हतं, आबा."

आबांनी फोन कानावरनं काढून समोर धरला आणि पहिल्यांदाच पडद्यावर दादाला पाहिलं. दाढी वाढलेली, मागं कुणाचं तरी न्हाणीघर. दादानं थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला.

रामहरीमामा दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "मी तवाच म्हनलो व्हतो, काय?" माय त्याला म्हणाली, "गप ऱ्हाय." आणि तो चक्क गप राहिला.

उन्हाळ्यात आबा मेंढरं घेऊन देवगावला गेले. माय दरसाल पंधरा दिवस तरी तिकडं जाते. यंदा गेली नाही. आबांनी चल म्हटलं नाही, तिनं नाही म्हटलं नाही. नानासाहेबांनी म्हणे धान्य नेहमीपेक्षा जास्त दिलं. आबांनी नेहमीएवढं घेतलं आणि वरचं खळ्यातच ठेवलं.

एप्रिलात दादाचा फोन आला. यादीतनं वर सरकत सरकत त्याला वसतिगृहात खोली मिळाली होती. त्यानं ती फिरून दाखवली. हा पलंग, हे टेबल, ही खिडकी, हा गरम पाण्याचा नळ. बॅग उघडी, कपडे कपाटात. माय फोनच्या इतकी जवळ गेली की तिला सगळं धुरकटच दिसत होतं, तरी "लई बेस, लई बेस" म्हणत राहिली. मग म्हणाली, "इंद्रजीतचा फोन आला व्हता, तुझा पत्ता मागत व्हता."

"माय, त्याला पत्ता द्यायचा नाय. सत्यमला बी नाय."

"नाय देत. आन् आबांना?"

"कुठं हायत?"

"देवगावातच. अजून पंधरा रोज."

दादा नळ उघडून दाखवत होता. त्यानं तो बंद केला.

"बरं," तो म्हणाला.

"त्येन्ला फोन कर बाबा. खोली मिळाली म्हनून सांग. रोज मला इचारत्यात, आज कुठं हाय तो म्हनून."

"हां," दादा म्हणाला. "करतो."

अजून केलेला नाही.